थोरल्या भावाचं नाव

तीस वर्षं मी लोकांचे अंगठे धरले, आणि सरकारने त्याबद्दल मला पगार दिला. आता पेन्शनही देतंय. ऐकायला विचित्र वाटेल, पण जमिनीचे दस्त जिथे नोंदवतात त्या कचेरीतली निम्मी कारकुनी म्हणजे हेच. दस्त घेऊन माणूस आला की त्याने साहेबांपुढे ‘हा मीच लिहून दिलाय’ अशी कबुली द्यायची, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी ‘हा तोच’ म्हणून सांगायचं आणि मग तिघांनीही आमच्या टेबलाशी येऊन अंगठा द्यायचा. अंगठा ज्याचा त्याने दाबायचा नसतो. दाबला की नुसता काळा डाग उठतो. कारकुनाने तो धरायचा, शाईवर फिरवायचा, कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत अलगद लोळवायचा आणि चटकन उचलायचा. जन्मभर नांगर धरलेल्यांच्या अंगठ्याला रेषाच उरलेल्या नसत. निमोण्याच्या एका म्हाताऱ्याचा ठसा घेताना मला पाच कागद लागले. शेवटी तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या बाई, मी हाय का न्हाई ह्येची मलाच शंका याया लागलीया.”

मी शिरूरची. आम्ही मात्र गावाला घोडनदीच म्हणतो. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. मिशनमधली मुलगी मॅट्रिक झाली की तिने एक तर नर्स व्हायचं, नाही तर मास्तरीण. मला रक्त बघवत नव्हतं आणि दुसऱ्यांची पोरं सोसवत नव्हती, म्हणून कचेरीत अर्ज केला. तालुक्यात सरकारी खुर्चीवर बसलेली मी पहिली बाई असेन. लोकांना ते पचायला वेळ लागला. मिशनची बाई म्हणजे दवाखान्यातली सिस्टर, हे डोक्यात इतकं पक्कं, की एक आजोबा माझ्यासमोर बसले आणि काही न विचारता जीभ बाहेर काढून दाखवायला लागले.

सगळेच आजोबा इतके गोड नव्हते. आम्ही ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, पण आमचं मूळ घर गावकुसाच्या कुठल्या बाजूला होतं हे समोरच्याला माझ्या आडनावावरून कळायचं. राहू गावाकडचे एक बागाईतदार पाहुणे म्हणून आले होते आणि त्यांना एका दस्तावर ओळख द्यायची होती. मी अंगठा धरल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि सुटल्यावर नळावर जाऊन तो घासघास घासला. शाई काही निघाली नाही. मी खिडकीतून म्हटलं, “काका, राखेनं बघा.” साहेब माझ्यावर रागावले. साहेबांचा पाण्याचा तांब्याही वेगळा होता, माझा वेगळा. पण तांब्या आणि टेबल यांची त्यांनी कधी गल्लत केली नाही. कागदाच्या बाबतीत तो माणूस सोन्यासारखा होता. आता आमच्याही लोकांचं सांगते. चर्चमध्ये सगळे भाऊ-बहीण आणि सोयरीक करताना कोण कुठल्या वाड्यातून आलं याची चौकशी, हे आमच्यातही होतंच.

मला त्या खुर्चीवर बसवलं त्यालाही कारण होतं. नवा वारसा कायदा नुकताच आला होता. बाप मेला तर त्याच्या हिश्शात मुलालाही वाटा आणि मुलीलाही वाटा. दिल्लीत कायदा झाला आणि आमच्याकडच्या भावांना बहिणींची आठवण झाली. जिला चार-चार वर्षं दिवाळीला आणायला कोणी गेलं नव्हतं, तिच्या दारात बैलगाडी जाऊन उभी राहायला लागली. गोडाधोडाचं जेवण, साडीचोळी, आणि दुसऱ्या दिवशी घोडनदीच्या कचेरीत हक्कसोडपत्र: मी माझा बापाच्या जमिनीतला हक्क भावांना सोडला, माझी तक्रार नाही. बायाबापड्यांची कचेरीत रीघ लागली आणि त्यांचे अंगठे परक्या पुरुषाने कसे धरायचे हा प्रश्न पडला. मग साहेबांनी माझ्या अर्जावर शेरा मारला, ‘स्त्री कारकून सोयीची.’

त्या बायांवर कोणी हसू नये. माहेर म्हणजे परत जायला एक दार. जमीन मागितली की ते दार बंद, हे त्यांना कायदा करणाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं. आमच्या ख्रिस्ती समाजात मुलीला वाटा आधीपासूनच होता. वडील गेल्यावर मी माझा घेतला का? नाही. भावाने विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. तेव्हा दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला मी कोण? पण टेबलाशी बाई आली की मला राहवत नसे. साहेबांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे भाऊच. “व्हय म्हन की गं,” असं म्हणायचे आणि पदराआडून “व्हय” यायचं. म्हणून शाई लावता लावता मी माझे दोन-तीन प्रश्न विचारायची. माहेरचं नाव काय, सासरचं काय, जमीन कोणाला सोडताय. शेवटचा प्रश्न मला फार आवडायचा. त्याला उत्तर देताना बायांचा आवाज मोकळा व्हायचा. “आमचा थोरला दादा नामदेव, मदला शिवराम, आन् धाकला किसन, त्यो माझ्या कडंवर वाढलाय.” जमीन चालली होती, तरी भावांची नावं घेताना त्यांना अभिमानच वाटायचा.

एक दिवस कचेरीच्या टपालात दौंडहून आलेलं एक पोस्टकार्ड निघालं. अक्षर कोणा शिकलेल्याचं होतं, शब्द मात्र बाईचे होते. मजकूर मला अजून पाठ आहे. ‘मी पार्वती, घोड नदीकाठच्या अमुक गावची माहेरवाशीण. नवऱ्याने दुसरी केली व मला टाकले. मी दौंडला रेल्वेच्या बंगल्यात भांडी घासते. बाप वारला. थोरला भाऊ रंगनाथ व धाकटा मारुती अंगठा मागतात. मी दिला नाही व देणार नाही. बापाच्या रानात माझ्या वाटणीला खोप घालून लेकीला घेऊन राहीन. माझ्या नावाचा कागद आला तर तो माझा नाही.’

मी कार्ड साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, “बाई, पोस्टकार्डावर कचेरी चालत नाही. दस्त आला, माणूस आलं, ओळख पटली, की नोंद करायची. फाइलला लावा.” मी ते फाइलला लावलं, पण दोघा भावांची नावं मनात ठेवली. थोरला रंगनाथ, धाकटा मारुती.

महिनाभराने, भर बाजारच्या दिवशी, ते आले. कचेरीच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. रंगनाथ उंच, पांढऱ्या फेट्याचा, गावच्या सोसायटीत वजन असलेला. मारुती त्याच्या मागे. बरोबर ओळख द्यायला गावचे एक वयस्कर आप्पा आणि आणखी एकजण. आणि एक बाई, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. दस्तावर लिहून देणार म्हणून नाव होतं पार्वतीचं.

दौंडची बाई इतक्यात बदलली? की तिला बदलायला लावली? साहेबांनी दस्त वाचला, विचारलं, “पार्वतीबाई, हा दस्त तुम्ही लिहून दिलाय?” पदराआडून “व्हय.” आप्पांनी सांगितलं, “वळखतो. राघोबाची लेक.” सांगताना त्यांनी साहेबांकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

मी उठून म्हटलं, “साहेब, बाईंनी पदर जरा वर घ्यावा.”

रंगनाथ कडाडला, “का? आमच्या घरातल्या बाया कचेरीत त्वांड दावीत न्हाईत. तुमच्या मिशनात चालत आसंल.”

ओट्यावरची माणसं आत डोकावायला लागली. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. ओळख देणारे दोघे जाणते होते, नियमाने तेवढं पुरेसं होतं. “अंगठा घ्या, बाई,” ते म्हणाले.

बाई माझ्या टेबलाशी आली. मी तिचा हात हातात घेतला तर तो थंडगार. बाहेर ऊन रणरणत होतं. हातात हिरवा चुडा, पण त्याने काही ठरत नव्हतं, टाकलेल्या बाईचाही नवरा जिवंतच असतो. मी तिचा अंगठा शाईवर फिरवला. दस्त आणि ठशांची वही समोर उघडी होती. मी नेहमीच्या आवाजात विचारलं, “माहेरचं नाव?”

“पारू.”

“सासर?”

“दौंड.”

घोकून घेतलेलं होतं, एकही शब्द अडला नाही. माझं मन म्हणत होतं, लोळव अंगठा आणि मोकळी हो. मी सवयीने तिसरा प्रश्न विचारला. “जमीन कोणाला सोडताय?”

“भावास्नी.”

“त्यांची नावं सांगा.”

“मारुती,” ती म्हणाली, आणि थांबली.

“आणि थोरल्याचं?”

पदर हलला, आतून श्वास ऐकू आला.

“थोरल्या भावाचं नाव सांगा, बाई.”

“आगं सांग की!” रंगनाथ मागून ओरडला. मग माझ्याकडे वळून, “लाजतीया ती.”

“भावाचं नाव घ्यायला कसली लाज?” मी म्हटलं. ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला स्वतःलाच कळलं. ओट्यावरच्या दस्तलेखकाची लेखणी थांबली होती, त्यालाही कळलं. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आमच्याकडची बाई भावाचं नाव बाजारात ओरडून सांगेल, पण नवऱ्याचं नाव तोंडातून काढणार नाही. काढलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. मंगळागौरीत, बारशात चार ओळींचा उखाणा जोडून एकदा घेईल, तेवढंच. रंगनाथाने बहिणीच्या जागी स्वतःची बायको उभी केली होती. तिला पारूचं नाव, सासर, सगळं पढवलं, पण आपलं नाव तिला घ्यावं लागेल हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. कसं येणार? त्याने ते तिच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. मारुतीची बायको आणली असती तरी कुठल्या ना कुठल्या नावाशी गाडी अडलीच असती, आणि बाहेरची बाई आणावी तर गावभर बोभाटा.

रंगनाथाचा चेहरा लाल झाला. “घे म्हंतो ना नाव! मी सांगतोय तुला, घे!”

भर कचेरीत, शंभर माणसांदेखत, नवरा बायकोला सांगत होता, माझं नाव घे आणि मला भाऊ म्हण. ती बाई हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, “ते न्हाई व्हायचं माझ्याच्यानं.”

कोणी हसलं नाही. आज ही गोष्ट सांगताना ऐकणारे हसतात, त्या वेळी कोणी हसलं नाही.

साहेब खुर्चीवरून उठले. “बाई, ठसा झालाय?”

या प्रश्नाचा अर्थ त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होता. दुसऱ्याच्या नावाने ठसा देणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा. ठसा वहीत उमटला की पुरावा पक्का. मग फौजदार, पंचनामा, खटला. रंगनाथ अडकला असता, आप्पाही अडकले असते. पण सगळ्यात आधी अडकली असती ती, जिचा अंगठा होता. तिचा अंगठा माझ्या हातात होता, कागदापासून चार बोटांवर.

मी टेबलावरची चिंधी घेतली आणि तिचा अंगठा पुसला. रेघन् रेघ पुसली. “नाही साहेब, झालेला नाही.”

साहेबांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग खाली बसून लिहिलं, ‘लिहून देणाराची ओळख पटत नाही, सबब दस्त नाकारला.’ दस्त परत रंगनाथाच्या हातात दिला आणि म्हणाले, “पुन्हा या दारात असा आलात तर मी फौजदारांना बोलावून मगच चहा घेईन.” भाऊ आणि ओळख देणारे निघून गेले. ती बाई शेवटी गेली, वाकून, पदर तसाच. तिचा चेहरा मला त्या दिवशी दिसला नाही.

मी स्वतःवर खूश होते, खोटं का सांगू. पारूचा वाटा वाचवला, बिचाऱ्या भावजयीला तुरुंगातून वाचवली, एका दगडात दोन. संध्याकाळी घरी जाऊन आईला सगळं रंगवून सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, “आणि ती बाई घरी गेल्यावर तिचं काय झालं असेल?” मी आईवरच चिडले.

दोन महिन्यांनी, बाजार नसलेल्या दिवशी, एक उंच, किडकिडीत बाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, तोंड उघडं. राखेने फुटलेले हात.

“मी पारू. दौंडची. कार्ड म्याच धाडलं हुतं.”

मी उठूनच उभी राहिले. आनंदाने म्हटलं, “बसा, बसा. तुमचा वाटा शाबूत आहे. नकार लागलाय दस्ताला.”

“ठावं हाय,” ती म्हणाली. “मी अंगठा द्याया आलेय.”

मग मला खिडकीतून दिसलं. चिंचेखाली रंगनाथ आणि मारुती, आणि बाजूला जमिनीवर बसलेली ती बाई. आज पदर डोक्यावरच होता. ओठाजवळ माराचा जुना वण होता.

साहेबांच्या परवानगीने मी भावांना ओट्यावरसुद्धा येऊ दिलं नाही. आम्ही दोघीच बसलो. मी दटावूनच विचारलं, “कोणी धमकावलंय?”

“मला कोन धमकावतंय? मला आता काय ऱ्हायलंय घाबराया?” पारू म्हणाली. “दादानं वयनीला घालवली घरातनं. त्याच दिवशी. चार मान्सांत नाक कापलंस म्हनला, आन् लेकरं ठिऊन घेतली. दोन हायेत, धाकलं आंगावर पितंय. तिच्या म्हायेरी म्हातारी आई तेवढी हाय, ती म्हनली, नांदत्या घरी जा. मग चालत-इचारत ती दौंडला माझ्याकडं आली. दूध गळत हुतं तिचं, लुगडं भिजल्यालं. माझ्या खोलीत दीड म्हैना हुती.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“सांगावा धाडला. म्हनलं, दादा, आधी तिला घरात घ्याची, लेकरं तिच्या पदरात घालायची, आन् तिला संगं घिऊन घोडनदीला याचं. मग अंगठा. त्या बिगर न्हाई.”

मी तिला कायदा सांगायला लागले. कोर्टात जाता येईल, वाटपाचा दावा लावता येईल, मारहाणीची फिर्याद देता येईल. मी बरीच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

“कोडताला किती सालं लागत्यात?”

“पाच-सात.”

“तवर पोरगं कुनाचं पिईल?”

मी कायदा बाजूला ठेवला. मग एक शेवटचा प्रयत्न केला. “तुमची लेक? ती कुठे राहणार?”

तेवढ्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “माझी लेक माझ्यापाशी हाय,” ती म्हणाली. “वयनीची तिच्यापाशी नव्हती.”

“आणि उद्या अंगठा मिळाल्यावर परत काढली तर?”

“काढली तर माझं घर तिनं बघिटलंय.”

तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं हे मी अनेकदा मनाशी घोळवलंय. आणि त्याहून जास्त वेळा हे, की त्या बाजारच्या दिवशी मी तो अंगठा चार बोटं खाली आणला असता तर? रंगनाथ आत गेला असता, पारूचं रान राहिलं असतं. भावजयही आत गेली असती, म्हणजे लेकरं तेव्हाही तिच्याविना राहिली असती. कुठूनही हिशेब मांडला तरी किंमत मोजायला एक बाई उरतेच. साहेब निवृत्त होताना मला म्हणाले होते, “बाई, त्या दिवशी तुम्ही केलंत ते बरोबर केलंत.” मला त्याचा आधार वाटायला हवा होता. वाटला नाही.

भाऊ आत आले. आप्पा या वेळी आले नव्हते, दुसरे दोघे होते, त्यांनी पारूला नीट तोंडाकडे बघून ओळखलं. ती साहेबांपुढे उभी राहिली, कबुली दिली. जमीन कोणाला सोडताय असं साहेबांनी विचारल्यावर खणखणीत आवाजात म्हणाली, “माझा थोरला भाव रंगनाथ आन् धाकला भाव मारुती.” रंगनाथ जमिनीकडे बघत होता. दाराशी त्याची बायको उभी होती आणि ती पारूकडे बघत होती.

मी पारूचा अंगठा धरला. शाई फुटलेल्या भेगांत शिरली. तरी ठसा इतका सुरेख उठला की नव्या कारकुनाला शिकवायला दाखवावा.

नोंदीच्या वहीत शेवटी एक रकाना असे. दस्त राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करून दिला काय, हे मला बाईला स्वतः विचारून भरायचं असे. मी लेखणी शाईत बुडवली आणि विचारलं.

पारूने अंगठा चिंधीला पुसला. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, “तुमी शिकल्याल्या हायसा, बाई. तुमीच सांगा, ह्येला काय म्हंत्यात?”

साहेब वाट बघत होते. मी रकान्यात ‘होय’ लिहिलं.